उंदरांच्या बातमीत मात्रा छापा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मोबाइलच्या लहरींचा उंदरांवर दुष्परिणाम झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. त्यात तास आणि दिवस दिलेले असतात. उंदराच्या शरीरात ऊर्जा किती शोषली गेली, हे नसते. या मात्रेचा आकडा म्हणजे एसएआर, किलोमागे वॅट. तो नसेल तर निष्कर्ष माणसाला लावायचा कसा?

पिंजऱ्याखाली चालू मोबाइल ठेवून केलेले प्रयोग इथेच फसतात. सिग्नल चांगला असला की फोन आपली शक्ती घटवतो, क्षीण असला की वाढवतो. शिवाय तो तापतो. उंदीर कोपऱ्यात सरकला की मात्रा बदलते. पाण्याच्या बाटलीची धातूची नळी तर लहरींचे क्षेत्र स्वतःभोवती एकवटते, आणि उंदीर नेमका तिलाच तोंड लावतो. मात्रा स्थिर राहावी म्हणून त्याला अरुंद नळीत कोंडले, तर कोंडण्याच्या ताणानेच कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते. मग तुलनेसाठी मोकळ्या पिंजऱ्यातला आणखी एक गट लागतो.

घरगुती विजेच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राचे प्रयोगही होतात. त्यात तुलनागटाची, म्हणजे क्षेत्र न दिलेल्या उंदरांची, क्षेत्र निर्माण करणारी तारेची गुंडाळी नुसती बंद ठेवून भागत नाही, कारण चालू गुंडाळी गरम होते. त्यासाठी दुहेरी तारेची गुंडाळी वापरतात: दोन्ही तारांत उलट दिशेने सारखाच प्रवाह सोडला की क्षेत्र जवळपास शून्य होते, उष्णता मात्र तेवढीच राहते. गुंडाळीची थरथर पोहोचू नये म्हणून पिंजरा तिला न टेकता वेगळ्या स्टँडवर हवा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा २०१८चा अहवाल पाहा. रॅट जातीच्या उंदरांना ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसाला सुमारे नऊ तास, दोन वर्षे दिल्या, मात्रा १.५, ३ आणि ६ वॅट प्रतिकिलो. नरांच्या हृदयात चेतातंतूंच्या आवरणाच्या घातक गाठींचा स्पष्ट पुरावा मिळाला. हे गंभीर आहे, दडपू नये. पण सर्वसामान्य माणसासाठी संपूर्ण शरीराची आंतरराष्ट्रीय मर्यादा ०.०८ वॅट प्रतिकिलो आहे, म्हणजे प्रयोगातली सर्वांत मोठी मात्रा तिच्या ७५ पट. आणि लहरी मिळालेले नर तुलनागटातल्या नरांपेक्षा जास्त जगले. गाठींची बातमी देताना हेही त्याच परिच्छेदात यायला हवे.

यापुढे अशी बातमी घेताना संशोधकांना तीन गोष्टी विचाराव्यात, ही विनंती: एसएआर किती होता, तुलनागटाला क्षेत्र सोडून बाकी सगळे सारखे मिळाले का, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या तपासणाऱ्याला कोणती पट्टी कोणत्या गटाची हे आधीच ठाऊक होते का.

– प्राणिप्रयोगांचा एक अभ्यासक