हापूसची उधारी आणि वहीतला फुगलेला नफा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कृषी सेवा केंद्रांचे हिशेब 31 मार्चला बंद होतात, तेव्हा बागायतदारांकडची उधारी ऐन भरात असते. जुलै-ऑगस्टात नेलेले कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला द्यायचे औषध), मोहोरावरच्या फवारणीची औषधे, सगळ्याचे पैसे आंबा विकल्यावर मे-जूनमध्ये येतात. काही येतच नाहीत. तरी ती विक्री पूर्ण नफ्यासकट वहीत धरली जाते, मालक त्या नफ्यावर उचल करतो आणि बुडीत रक्कम दोन-तीन वर्षांनी भलत्याच वर्षाच्या माथी बसते.

नव्वद दिवसांपुढची येणी संशयित, हा ठोकताळा इथे लागू पडत नाही. कल्टारची उधारी मार्चअखेर आठ महिन्यांची होते, तरी ती चोख असू शकते. म्हणून किती उधारी बुडेल याचा अंदाज उधार विक्रीवरच टक्का काढून बांधावा आणि तेवढी रक्कम त्याच वर्षी तरतूद म्हणून नफ्यातून बाजूला काढावी. समजा, मागच्या तीन हंगामांची उधार विक्री 120 लाख आणि त्याच विक्रीतले 3 लाख बुडाले, तर प्रमाण अडीच टक्के. यंदाची उधार विक्री, परत आलेला माल वजा जाता, 44 लाख असेल तर 1,10,000 रुपये ‘बुडीत येणे खर्च’ नावे (डेबिट), ‘संशयित येणे तरतूद’ जमा (क्रेडिट). पुढे एखादे खाते खरोखर बुडाले की तरतूद नावे, गिऱ्हाईक जमा. तेव्हा पुन्हा खर्च टाकला तर तोच तोटा दोनदा बसतो, आणि हे सर्रास घडते.

रोख आणि यूपीआयची विक्री भागाकारात धरू नये. टक्का खोटाच कमी दिसतो. बुडीत रकमेत जीएसटी मात्र धरावा. कीटकनाशकांवरचा 18 टक्के कर सरकारजमा झालेला असतो, गिऱ्हाईक बुडाले म्हणून तो परत मिळत नाही. अवकाळी पावसाने किंवा थ्रिप्स किडीने मोहोर गेला असेल त्या वर्षी सरासरीवर विसंबणे धोक्याचे. हिशेब अंतिम होईपर्यंत जूनची वसुली बहुधा हाती आलेली असते. तिच्याशी आकडा ताडून टक्का वाढवावा.

आयकरात सर्वसाधारण व्यापाऱ्याला या तरतुदीची वजावट नाही, म्हणून पुष्कळ जण ती करतच नाहीत. हे कारण पुरेसे नाही. विवरणपत्र भरताना तरतुदीचे 1,10,000 उत्पन्नात पुन्हा धरायचे आणि त्या वर्षी वह्यांतून प्रत्यक्ष निर्लेखित केलेले, म्हणजे बुडीत म्हणून काढून टाकलेले, येणे वजा करायचे.

— एक लेखापाल, रत्नागिरी