मनू, आधी सांगायचं होतंस

मनू,

रविवारी फोनवर ओरडलो ते माझं चुकलं. तुझ्या आईने तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंय, चहा आणून ठेवते आणि आत जाते. मेसेजमध्ये हे जमणार नाही म्हणून एकदाच बसून लिहितोय, लांबलं तर लांबू दे. तुझ्या गेलेल्या नोकरीबद्दल एक शब्द काढणार नाही असं ठरवूनच बसलोय.

काल झोप येईना म्हणून परत ते वॉल्टन्स लावलं, ती जुनी अमेरिकन सिरीयल. लॉकडाऊनमध्ये तूच लावून दिलेलंस, तू तिकडे रिचमंडला अडकलेली आणि आम्ही इथे कोपरखैरण्यात, तू म्हणालेलीस बाबा हे माझ्या व्हर्जिनियातलंच आहे, बघत जा, जीव रमेल. मी सबटायटल वाचून आईला मराठीत सांगायचो. सात पोरं, आईबाप, आजी-आजोबा, अकरा माणसं, आणि आई पहिल्याच दिवशी म्हणाली ही बाई बसते कधी. मग रोज रात्री दोन भाग. २२१ भाग आहेत सगळे मिळून, आपले अजून सगळे झाले नाहीत.

मला ते इतकं का लागलं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. ती सिरीयल तिकडे सुरू झाली सप्टेंबर १९७२ मध्ये. त्याच सप्टेंबरात आमच्या साताऱ्याच्या माण तालुक्यात आभाळ कोरडं ठणठणीत होतं. मी नऊ वर्षांचा. तिकडची माणसं टीव्हीवर त्यांच्या १९३३ सालची मंदी बघत होती आणि आमच्या घरातली सतरा माणसं अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खात होती. भाकरी थापली की तडकायची, चव म्हणशील तर नाहीच. आण्णा, चुलते, तुझी आजी सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला, आणि आम्ही पोरं सुकडी मिळते म्हणून मागे मागे. वॉल्टन्सकडे पैसा नव्हता पण गाय होती, जंगल होतं, बापाची लाकूड कापायची गिरणी होती. आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे दोन्ही सारखं होतं असं मी म्हणणार नाही. पण रात्री जेवताना मोठी माणसं एकमेकांच्या ताटाकडे कशी बघतात ते दोन्हीकडे तेच आहे.

आण्णांनी बैलजोडी विकली तेव्हाचं सांगतो. म्हसवडच्या बाजाराला जायच्या आदल्या रात्री सगळ्यांना ओट्यावर बसवलं, आम्हा पोरांना सुद्धा, आणि म्हणाले उद्या राजा-सर्जाला नेणाराय, कुणी रडायचं नाही, रडायचं असेल तर आत्ता रडा. सगळे रडले. आण्णा पण. सकाळी आम्ही सगळी पोरं ओढ्यापर्यंत गेलो सोबत.

मनू, आम्ही नऊ वर्षांचे होतो आणि आम्हाला सांगितलं. आणि तुझी नोकरी गेलेली मला कळव्याच्या काकीकडून कळावी? ३८ दिवसांनी? रोज व्हिडिओ कॉलवर तू ऑफिसचं सांगत होतीस, मीटिंग होती म्हणायचीस, आणि मी आपला इथे विचारत बसायचो जेवलीस का. व्हिसावाल्यांना नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला साठच दिवस मिळतात, हे पण मला पिंटूने समजावलं. म्हणजे साठातले अडतीस दिवस तू एकटीने मोजलेस. वर तुझं म्हणणं काय तर तुम्हाला टेन्शन नको म्हणून. अगं टेन्शन काय असतं, घरातल्याने घरात सांगायचं नाही तर कुठे सांगायचं, माणसाने आधी...

हे बघ, परत सुरू झालो. माफ कर. बोलणार नव्हतो.

मागच्या वर्षी तू आम्हाला स्कायलरला नेलंस ते आठव. दीड-दोन तास गाडी चालवलीस आणि आई अख्खा रस्ता म्हणत होती आंबोली घाटासारखं आहे. ज्या शाळेत वॉल्टन्सचा लेखक अर्ल हॅमनर शिकला त्याच शाळेत म्युझियम केलंय, आत सिरीयलमधल्या थोरल्या मुलाची, त्या जॉन-बॉयची खोली मांडून ठेवलीय, खिडकी आणि लिहायचं टेबल. तू तिथे बराच वेळ उभी होतीस. मी तुझा फोटो काढला तो अजून माझ्या फोनवर पहिलाच आहे. मला तेव्हा वाटलं, माणमधल्या खडी फोडणाऱ्याची नात इतक्या लांब येऊन स्वतःच्या गाडीतून बापाला फिरवतेय, आण्णा असते तर काय म्हणाले असते. हे तुला तेव्हा बोललो नाही.

तिथे वाचलेलं एक डोक्यातून जात नाही. हॅमनरचा खरा बाप गिरणीवाला नव्हताच. गावात संगजिऱ्याची खाण होती तिथे कामाला होता, मंदीत ते काम गेलं. मग डोंगरापलीकडे वेन्सबरोच्या कारखान्यात लागला, आठवडाभर तिकडे आणि सुट्टीला घरी. १९३३ च्या नाताळच्या आदल्या रात्री तो वेळेवर पोचला नाही आणि सगळं घर जागं राहिलं, त्यावरच आधी टीव्हीवरचा सिनेमा झाला, मग सिरीयल. काल बघताना माझ्या लक्षात आलं की त्या घराला वाट तरी बघता आली. काम गेलंय, बाप लांब आहे, रस्त्यात बर्फ आहे, सगळं घरात माहीत होतं. तुझी वाट आम्ही कशी बघायची गं, आम्हाला वाटत होतं तू पोचलेली आहेस.

आता जे लिहितोय ते तुला माहीत नाही. आईला माहीत आहे.

तू दुसरीत होतीस. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तेव्हा एकेक कंपनी बंद होत होती, आमची पण झाली, एका सोमवारी गेटला कुलूप. मी घरी सांगितलं नाही. सात आठवडे. रोज सकाळी आई डबा भरायची, मी शर्ट घालून निघायचो, वाशी स्टेशनच्या बाकावर नाहीतर सागर विहारला खाडीकडे तोंड करून बसायचो, डबा खायचो, शिफ्ट सुटायच्या वेळेला परत. तुझी फी भरायची होती तेव्हा मस्जिद बंदरपासून आपल्यासोबत असलेल्या माथाडी मामांकडून पैसे घेतले आणि आईला सांगितलं ओव्हरटाईम मिळाला.

आईने मला पकडलं ते वासावरून. माझ्या कपड्यांना कायम कंपनीचा वास असायचा, कितीही धुतले तरी. सातव्या आठवड्यात ती बादलीपाशी शर्ट हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, याला वास का येत नाहीये. बास एवढंच. मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसलो.

तिने दुसऱ्या महिन्यापासून पोळीभाजीचे डबे सुरू केले, ते तुला आठवत असेल, तुला वाटायचं आईला आवड आहे.

तर रविवारी मी ओरडलो तेव्हा अर्धा तुझ्यावर होतो आणि अर्धा त्या बाकावरच्या माणसावर. सात आठवड्यांत माझं काय झालं होतं ते मला माहीत आहे. रेल्वेच्या रुळांकडे बघत बसायचो मी. म्हणून भीती वाटते. नोकरी दुसरी लागेल नाहीतर नाही लागणार, पण तू खोलीत एकटी बसून दिवस मोजतेस आणि कॅमेऱ्यात हसतेस, याची भीती वाटते.

आणि लपवायची खोड या घराला माझ्यामुळेच लागली. आजीला लकवा झाला, हं आणि बास एवढंच बोलायची, तेव्हा पाहुणे आले की मीच तिला आतल्या खोलीत न्यायचो. सिरीयलमधल्या आजीला, एलन कॉर्बीला, खरोखरचा झटका आला १९७६ मध्ये. १९७८ ला ती परत आली, बोलणं जवळजवळ गेलेलं, तरी तिला तशीच कॅमेऱ्यासमोर घेतली, घरातल्या माणसांच्या मधोमध. आजोबांचं काम करणारा विल गियर त्याच वर्षी वारला. आजी परत आली तो भाग लागला तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो होतो, तू विचारलंस फोनवर काय झालं, मी म्हटलं काही नाही, डास आहेत.

आज ४१ वा दिवस. परत ये असं मी म्हणत नाही, थांब असंही म्हणत नाही, तुला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. अर्ज कुठे केलेत, काय उत्तर आलं, नाही आलं, ते सांगत जा फक्त. रडायचं असेल तर फोनवर रड, कट करू नकोस. भाड्याला कमी पडत असतील तर माझी एफडी आहे, ती तुझ्यासाठीच आहे, पिंटूला विचारून पाठवतो. जेवत जा. हे मी रोजच सांगतो माहीत आहे.

आईने शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट करून ठेवलंय. कुरिअरवाला म्हणतो दहा दिवस तरी लागतील. तोवर तू तिथे असशील की इथे, तेवढं आईला फोन करून सांग, म्हणजे पॅक करायचं की बरणीतच राहू द्यायचं ते ती ठरवेल.

बाबा