बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

नाशिक, १२ मे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

"नर्सबाईचे दिल्लीत काय काम?" असे बाबांनी परवा फोनवर विचारले, तेव्हा सीबीएस बसस्थानकाच्या गोंगाटात नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहिते आहे. लसीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मला १ जूनला रुजू व्हायचे आहे.

सुरगाण्याच्या आरोग्य उपकेंद्रावरची माझी पहिली वर्षे तुम्हांला आठवत असतील. डोंगराळ आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे, पण ती माणसे सात पाड्यांवर विखुरलेली असली आणि मध्ये पावसाळी ओढा असला, तर काय करायचे ते निकषात नसते. लसीच्या डब्यात भरायचे बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून त्यांना घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवायचे आणि कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचे, कारण पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस गोठली की निकामी होते. तो आवाज मी आजही झोपेत ओळखेन. गोवर-रुबेलाच्या लसीचे मात्र वेगळे: कुपीत द्रावण मिसळले की चार तासांत ती वापरायची, उरली तर टाकायची. एका पाड्यावर एकच बाळ आले होते. त्याच्यासाठी पाच मात्रांची कुपी फोडली आणि चार मात्रा फेकल्या, तर वाया गेलेल्या लसीबद्दल वरून लेखी खुलासा मागवला गेला. आई, त्या रात्री मी जेवले नव्हते. नियमाप्रमाणे मी बरोबर होते, पण तक्त्यात 'वाया' असा रकाना होता आणि 'त्या बाळाची आई किती चालून आली' असा नव्हता. तो तक्ता आखणाऱ्याने कुपी कधी हातात धरली नसावी, असे तेव्हापासून वाटत आले आहे. बाबा, माझे दिल्लीतले काम या तक्त्यांचेच आहे.

परिचारिका एवढ्या वर जात नाही, हेही खरे नव्हे. कुक बेटांच्या छोट्या देशातल्या एलिझाबेथ इरो या परिचारिका आणि सुईण. त्या तिथल्या आरोग्य सचिव झाल्या आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य परिचर्या अधिकारी झाल्या. आपल्याकडे १९४७ च्या परिचर्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा व्हायला २०२३ उजाडले; उशीर आपल्या अंगवळणीच पडला आहे.

परिचर्येचे एकेक शिक्षण, एएनएमनंतर जीएनएम, पोस्ट बेसिक पदवी, मग म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची एमएस्सी, प्रत्येक वेळी कांदा विकून पट्टीचे पैसे हाती आले की बाबांनी आधी माझी फी भरली, हे मी विसरलेले नाही.

उन्हाळी कांदा चाळीत भरून झाला की दोघेही आठ दिवस तिकडे या. बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. माळ्यावरच्या ट्रंकेत तळाशी त्या खुलाशाची प्रत आहे; येताना तेवढी आणा.

तुमची,
ताई