पडलेले झाड लगेच तोडू नये

महोदय,

उन्हाळ्याच्या अखेरीस विदर्भात वादळी वाऱ्यासह अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, तेव्हा चर्चा होते ती उभ्या पिकांची, संत्र्याच्या बागांची आणि उडालेल्या टिनांची, आणि ते योग्यही आहे. परंतु घरामागच्या सांदवाडीतील लिंबू, आंबा, शेवगा कुणाच्या खिजगणतीत नसतात. वारा थांबताच आडव्या झाडाला कुऱ्हाड लागते आणि त्याचे जळतण होते.

वास्तविक यांपैकी बरीच झाडे वाचू शकतात. आमच्या अंगणातील लिंबू पूर्ण कलला होता, तरी एका बाजूच्या मुळ्या जमिनीतच होत्या. अशा लहान झाडाच्या उघड्या मुळ्या ओल्या पोत्याने लगेच झाकाव्यात, फांद्यांचा भार कमी करून ते सावकाश उभे करावे, माती दाबून बांबूचा आधार द्यावा. दोरी मात्र खोडात रुतेल इतकी आवळू नये. चिरफाळलेली फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून, म्हणजे साल सोलत जात नाही. त्या जखमेवर 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावावी. पपईवर मात्र श्रम वाया घालवू नयेत. फांदी विजेच्या तारेवर पडली असेल, तर वीज कर्मचाऱ्यांखेरीज कुणीही तिला हात लावू नये.

कृषी विभागाने ही माहिती मे महिन्यापूर्वीच ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावी, ही विनंती.

– एक वाचक, जि. यवतमाळ