दाराच्या आतला पाऊस

प्रिय दोस्ता,

'गाडीच्या दारांची आतली पॅनलं गेली, नवीन मागवू का?' एवढंच लिहिलंस. थांब जरा. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी मागवू नकोस.

माझ्या गाडीचं डावं पॅनल खालून पोट काढून बसलं होतं. काचेचं हँडल काढलं, आर्मरेस्ट सोडवला आणि मग अंगात आलं. क्लिपेजवळ चपटी पट्टी सरकवायची सोडून कोपरा धरून ओढला. दोन क्लिपा दारातच राहिल्या, बोर्डाचा ओला लगदा भोकासकट हातात आला.

जुन्या गाड्यांत पॅनलच्या रेक्झिनमागे हार्डबोर्ड असतो. विल्यम मेसन याने १९२४ मध्ये वाफेच्या दाबाने लाकडाचे कपटे फोडून, त्यांचे तंतू दाबून हा बोर्ड केला. त्यात तंतूंना मुख्यतः लिग्निन, म्हणजे लाकडातला नैसर्गिक चिकट पदार्थच, धरून ठेवतो. पाणी मुरलं की तंतू फुगतात, आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळवला तरी पूर्वीसारखा बसत नाही.

पण पाणी आलं कुठून? काचेच्या रबरी पट्टीतून ते दारात थोडंफार उतरतंच. ते गृहीत धरूनच दाराच्या बुडाला भोकं ठेवलेली असतात. माझी भोकं चिखलाने बुजली होती. तार घातली तर काळं पाणी थेट बुटावर! शिवाय पाणी अडवणारा पॅनलमागचा प्लॅस्टिकचा पडदा आधीच कुणीतरी फाडून ठेवलेला.

तुझं नुसतं क्लिपेचं भोक फाटलं असेल तर मागून पातळ प्लायचा तुकडा चिकटवून पुन्हा भोक पाड, भागेल. माझा बोर्ड कामातून गेला होता, म्हणून जुन्यावरून ३ मिमीच्या नव्या बोर्डावर आखून कापला. उजव्या दाराचाही त्याच पॅटर्नवर लगेच उरकला. आता हस! पॅटर्न उलटा करायचा राहिला, आणि हार्डबोर्डाची एकच बाजू गुळगुळीत. दोन्ही पॅनलं डावीच निघाली.

कडा आणि भोकांच्या आतूनही वार्निश पाज, पाणी तिथूनच शिरतं. जुनं रेक्झिन कडक झालेलं असतं, म्हणून हेअर ड्रायरने ऊब देत देत सोडव. त्यावरच्या उठावदार रेघा उष्णतेने दाबून काढलेल्या असतात, घरी तशा जमत नाहीत, तेव्हा ते जपच. चिकटवताना दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून बोटाला ओलं लागेनासं झाल्यावर मधून कडांकडे दाबत जा. कडेच्या पिना आखूडच घे, नाहीतर टोकं रेक्झिनमधून वर येतात.

सगळं झालं, पॅनल झकास बसलं. आठ दिवसांनी गाडी धुतली आणि खालची कड परत ओली! नवा पडदा मी लावला होता, पण त्याची खालची बाजू दाराच्या पत्र्यावरून बाहेर सोडली होती. पडद्यावरून ओघळलेलं पाणी सगळं बोर्डावर. ती कड दाराच्या आतल्या फटीत खोचायची असते, म्हणजे पाणी पुन्हा दाराच्या पोटात पडतं. एवढ्यासाठी सगळ्या क्लिपा पुन्हा काढल्या. या वेळी पट्टी घालून, एकेक.

तेव्हा आधी पॅनल उतरव, काच वर कर आणि बाहेरून काचेवर बाटलीभर पाणी सावकाश ओत. खाली वाकून बघ, बुडाच्या किती भोकांतून ठिबकतंय. ते मोजून मला कळव, मग बोर्डाचं बोलू.

तुझा,
दोन डाव्या दारांचा मालक