मूळ संख्येची बातमी छापताना तिचं गणितही छापा

मा. संपादक, स. न.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तोपर्यंतची सगळ्यात मोठी मूळ संख्या जाहीर झाली, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, त्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत आणि ती अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांनी शोधली. अशी संख्या सापडली की कुठे ना कुठे वाचायला मिळतं की याने ऑनलाईन बँकिंग सेफ होणार. हे खरं नाही हो. ऑनलाईन माहितीला कुलूप लावण्याच्या आरएसए पद्धतीत साधारण तीनशे अंकांच्या दोन मूळ संख्या वापरतात आणि सगळा जोर त्या गुप्त असण्यावर असतो, मग जी सगळ्या जगाला माहीत झाली तिचं कुलूप कोण लावणार?

मी मुलुंडला नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते, मुलांचा प्रश्न वेगळाच असतो. मॅडम, एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही हे कळलं कसं, सगळ्या संख्यांनी भागून बघितलं का? मला वाटतं बातमीत याचंच उत्तर हवं, कारण ते फार सुंदर आहे आणि ते म्हणजे भागून बघतच नाहीत!

'२ चा अमुक घात वजा १' अशा संख्यांसाठी फ्रान्सचे गणितज्ञ ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेली आणि पुढे अमेरिकेच्या लेमर यांनी सुटसुटीत केलेली एक परीक्षा आहे. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करून २ वजा करायचे, जी संख्या तपासतोय तिने भागून फक्त बाकी ठेवायची आणि त्या बाकीवर परत तेच, असं घातापेक्षा दोन कमी वेळा, शेवटी बाकी ० आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. उदा. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, म्हणून तीन वेळा करायचं. ४ चे झाले १४, १४ चे १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८, आणि ८ चे ६२, बाकी शून्य. संपलं! त्या राक्षसी संख्येलाही हेच लावलं, फक्त तेरा कोटींहून जास्त वेळा, म्हणून तिथे ताकदवान जीपीयू (एकाच वेळी ढीगभर गणितं करणाऱ्या संगणकाच्या चिप) लागले.

घात मूळ असला की काम झालं असंही नाही, ११ मूळ आहे पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. उलट बाजूने घात मूळ नसेल तर मात्र संख्या कधीच मूळ नसते, त्यामुळे शोधणाऱ्यांचं बरंच काम वाचतं.

आणि या ४ कोटी अंकी संख्येचा शेवटचा अंक तर कुणालाही काढता येतो. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात, १३६२७९८४१ ला ४ ने भागलं की बाकी १, म्हणजे घाताच्या शेवटी २ आणि एक वजा केला की १. बोर्डाच्या परीक्षेत मुलं याहून अवघड करतात.

तर विनंती एवढीच, पुढची मूळ संख्या सापडेल तेव्हा बातमीशेजारी ३१ ची ही परीक्षा चौकटीत छापा, १२७ ची वाचकांसाठी सोडा (घात ७, पाच वेळा करायचं) आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्या: १४, ६७, ४२, १११, ०.

– एक गणित शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई