तुझं नाव यादीत लिहिण्याआधी

भोसरी, पुणे
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

फळछाटणी आटोपली का? या दिवसांत तुला मजुरी, औषधं, खतं सगळ्यालाच रोख पैसा लागतो, हे मला माहीत आहे, आणि तुझे दोन लाख माझ्याकडे अडकलेत. म्हणूनच हे पत्र लिहायला आठ दिवस लागले. फोनवर बोललो असतो तर मी रडलो असतो आणि तू "असू दे रे" म्हणाला असतास. तुझ्याकडून ते ऐकायच्या आधी सगळं नीट सांगायचं आहे.

खंडेनवमीला शॉपमध्ये एकट्यानेच मशीन पुसली. दरवर्षी तुझी वहिनी रांगोळी काढायची, पोरगी स्पिंडलला हळदकुंकू लावायची. यंदा दोघी कराडला, तिच्या माहेरी. जूनपासून आम्ही वेगळे राहतोय. आईला मी अजून "शाळेच्या सोयीसाठी गेलेत" असंच सांगतो, तुला तसं सांगणार नाही.

भांडण कर्जावरून झालं नाही. पोरीचं आधार कार्ड शोधताना तिला ड्रॉवरमध्ये बँकेची नोटीस सापडली. साठ दिवसांची, घर जप्त करण्याच्या कायद्याखालची. पाकीट फोडलेलं होतं, म्हणजे मी वाचून परत ठेवलेलं. घराच्या कर्जावर तिचीही सही आहे, नोटिशीवर तिचंही नाव होतं. ती मला एवढंच म्हणाली, "माझ्या नावाचं पत्र तू लपवलंस." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

हे झालं कसं, ते तुला थोडंफार माहीत आहे. २०२१ मध्ये व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीन घेतली, एका मोठ्या गिऱ्हाईकाच्या भरवशावर. माल घेतल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत लघुउद्योगाचे पैसे द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. त्या गिऱ्हाईकाने आधी चार महिने लावले, मग सात, मग उत्तरच द्यायचं बंद केलं. मी हप्ते भरायला कार्ड घासलं, कार्ड भरायला पर्सनल लोन घेतलं. तीन हप्ते चुकले की नव्वद दिवस होतात आणि खातं थकीत जातं. मग वसुलीवाल्यांचे फोन. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिच्या मोबाइलवर रात्री साडेनऊला यायचे.

आता मुद्द्याचं. मी कोर्टात नादारीचा अर्ज करायचा विचार करतोय.

लोक दिवाळखोर म्हणतील, ती शिवीच आहे. कायद्यातला शब्द नादार. वकीलबाईंनी समजावलं की २०१६ च्या नव्या कायद्यातला व्यक्तींचा भाग आपल्यासारख्यांना अजून लागूच झालेला नाही, फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे. मुंबईत १९०९ चा कायदा चालतो, आपल्याकडे १९२० चा. पाचशे रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज करता येतो, इतका तो जुना. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयही तिथेच जवळ. एकाच दिवशी दोन्हीकडे जाऊन आलो. एकीकडे लग्नाची फाइल, दुसरीकडे कर्जाची, आणि दोन्हीकडे मालमत्ता नि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. मी ठरवलंय, दोन्ही कागदांवर एकच आकडा असेल. तिच्यासमोर गरीब आणि बँकेसमोर श्रीमंत, असं मला व्हायचं नाही.

पण यात एक मेख आहे. मी नादार ठरून सुटलो तरी माझ्याबरोबर सही करणारा सुटत नाही. घराचं २३ लाख कर्ज बाकी आहे. मी अर्ज केला आणि घर तसंच राहिलं, तर बँक तिच्या मागे लागेल. आम्ही वेगळे राहतो याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. म्हणून आधी फ्लॅट विकायचा, बँकेला विचारून, बाजारभावाने, गहाण फेडून. गिऱ्हाईक ४२ लाख म्हणतंय. उरलेल्या १९ मधले निम्मे तिचे, ते तिच्या खात्यात. माझे साडेनऊ तसेच बाजूला ठेवायचे. मावसभाऊ म्हणाला, फ्लॅटमधला तुझा हिस्सा गुपचूप भावाच्या नावावर कर. मी नाही म्हटलं. दोन वर्षांच्या आतलं असं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं, आणि मुळात यापुढे मला कुठलंच पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवायचं नाही.

तिच्या पाटल्यांचंही तुला सांगतो. व्हीएमसीच्या वेळी तिने स्वतःहून काढून टेबलावर ठेवल्या होत्या. मी मागितल्या नव्हत्या, पण "नको" असंही म्हणालो नाही. मार्चमध्ये गाडी विकून त्या सोडवल्या आणि तिच्या हातात दिल्या. स्त्रीधन तिचं, त्यावर माझ्या घेणेकऱ्यांचा हक्क नाही. एवढं एक वेळेत झालं.

पोटगीचं मीच तिला म्हटलं की रीतसर हुकूम घे. आत्ता मी दरमहा बारा हजार पाठवतो, पण तो माझा शब्द आहे, आणि माझ्या शब्दाची किंमत सध्या तुला ठाऊक आहे. पोटगीच्या फौजदारी हुकुमाखालचं देणं नादारीतून सुटल्यावरही माफ होत नाही. पोरीच्या पैशाला ती भिंत असावी. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "हे तुझ्याकडून ऐकायचं होतं." समेटाचं काही बोललो नाही आम्ही. बोलू की नाही, माहीत नाही.

आता तुझं. मशीन विकूनही बँकेचं नऊ लाखांचं देणं उरेल. कार्ड आणि पर्सनल लोन साडेसहा, मटेरियलवाल्यांचे तीन, आणि तुझे दोन. एकूण साडेवीस. माझ्याकडे साडेनऊ. रुपयाला सेहेचाळीस पैसे पडतात, म्हणजे तुझ्या दोन लाखांचे ब्याण्णव हजार, आणि कोर्टाचा खर्च वजा जाता त्याहून कमी. रुपयाला निदान आठ आणे भरले नाहीत, तर हे माझ्या दोषाने झालं नाही असं पटवून द्यावं लागतं, नाहीतर कोर्ट पूर्ण सुटका देत नाही. मी वह्या नीट ठेवल्यात, बिलं आहेत. पटेल असं वाटतं.

बंड्या, २०२२ मध्ये तू बेदाण्याचे आलेले पैसे दुसऱ्या दिवशी पाठवलेस. कागद केला नाहीस. माझी पहिली इच्छा होती की फ्लॅटचे पैसे आले की सगळ्यात आधी तुझे दोन लाख द्यावेत, मग अर्ज करावा. वकीलबाईंनी थांबवलं. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच घेणेकऱ्याला झुकतं माप दिलं, तर कोर्ट ते तुझ्याकडून परत घेऊ शकतं. मटेरियलवाल्यालाही घरी पोरं आहेत, हे मला मान्य आहे. तरी आयटीआयच्या होस्टेलला ज्याच्या डब्यात जेवलो त्याला सेहेचाळीस पैसे द्यायचे, हे गिळवत नाही.

एक गोष्ट कर. कोर्टाची नोटीस येईल तेव्हा लाजून गप्प बसू नकोस. तुझं येणं प्रतिज्ञापत्रावर लिहून दे, बँकेच्या पासबुकाची नोंद जोड. नाही दिलंस तर तुझा वाटा बाकीच्यांत जाईल. उरलेलं माझ्या अंगावर आहेच. कायद्याने माफ झालं तरी मी देणार. कधी, ते आज सांगत नाही. खोटी तारीख मी फार जणांना दिली.

नादार असेपर्यंत पन्नास रुपयांची उधारीसुद्धा समोरच्याला न सांगता घेतली तर तो गुन्हा आहे. टपरीवरचं महिन्याचं खातं मी काल मिटवलं.

अर्ज अजून दिलेला नाही. बँक एकरकमी तडजोडीला तयार होते का, ते एकदा बघतोय. नाही झाली तर मंगळवारी सही करायची आहे. त्यासाठी घेणेकऱ्यांची नावं आणि पत्ते लागतात. तासगावला तुझ्या घरी इतकी वर्षं येतोय, स्टँडवरून डोळे मिटून पोहोचेन, पण तुझा गट नंबर आणि पिनकोड मला माहीत नाही. सोमवारपर्यंत कळव. आणि नाव सातबारावर जसं आहे तसंच, पूर्ण लिहून पाठव.

तुझाच